उंच केलेल्या गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर: महागडा सेट हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न, थोडक्यात: ऑफ-रोड गाडी स्प्रिंगा बदलून ५० मिमी उचलली आहे, शॉक मात्र मूळचेच आहेत. पुढे विंच आणि लोखंडी बंपर, मागे ड्रॉवर आणि सामान, हे वजन कायमचं. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारं), मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आस) आणि कॉइल स्प्रिंग. चारही शॉक बदलायचे आहेत. साधा ट्विन-ट्यूब सेट माझ्या दोन महिन्यांच्या शिलकीत येतो, मोनोट्यूब चार महिन्यांच्या. बाहेर वेगळी टाकी असलेला, नॉबच्या क्लिकने कडकपणा अ‍ॅडजस्ट होणारा सेट अकरा महिन्यांच्या शिलकीएवढा; तो विक्रेता १२ टक्के फ्लॅट दराने २४ हप्त्यांत देतोय. आपत्कालीन निधी तीन महिन्यांच्या खर्चाइतका आहे. गाडी बहुतेक डांबरी रस्त्यावर चालते, महिन्यातून एखादी कच्ची वाट, वर्षाकाठी दोन-तीन लांबचे दौरे. काय घ्यावं? मजुरी वाचवण्यासाठी स्वतः बसवावं का?

उत्तर: तिसरा सेट सोडून द्या. मोनोट्यूब घ्या आणि रोखीने घ्या. ऑर्डर देण्याआधी एक दिवस मापं घेण्यात घालवा, कारण या व्यवहारात पैसे बुडतात ते बहुधा चुकीच्या लांबीपायी.

आधी हप्त्यांचं बघू. १२ टक्के फ्लॅट म्हणजे १०० च्या कर्जावर दोन वर्षांत २४ व्याज, एकूण १२४, महिन्याला ५.१७. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज अखेरपर्यंत पूर्ण १०० वरच लागतं. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून मांडलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. तुमच्या हिशोबात अकरा महिन्यांच्या शिलकीचा सेट साडेतेरा महिन्यांच्या वर पडेल, आणि दर महिन्याच्या शिलकीतले जवळपास ५७ टक्के दोन वर्षं त्यातच अडकतील. आपत्कालीन निधी तीन महिन्यांचाच आहे, तो या काळात फारसा वाढणार नाही. जुनी गाडी विकताना अशा सुट्या भागांचे पैसे फारसे वसूल होत नाहीत, तेव्हा याला गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत घालू नका. हा हौसेचा खर्च आहे. हौस करावी, पण शिलकीतून.

आता त्या जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं ते पाहा. शॉकचं काम स्प्रिंगच्या हालचालीतली ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत बदलायचं. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ वेगाने गेलं की तेल तापून पातळ होतं, फेसाळतं आणि शॉक ढिला पडतो. ट्विन-ट्यूबमध्ये काम करणारं तेल आतल्या नळीत असतं, त्याभोवती बाहेरची नळी. त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, पण दगड लागून बाहेरच्या नळीला पोचा आला तरी पिस्टन चालत राहतो. मोनोट्यूबची एकच नळी थेट वाऱ्याला लागलेली असते. त्यात नायट्रोजन जास्त दाबाने भरलेला असतो आणि तरंगता पिस्टन वायू नि तेल वेगळं ठेवतो, म्हणून फेस धरत नाही. बिल्स्टाईन ५१०० सारख्या मोनोट्यूबमध्ये पिस्टन ४६ मिमीचा असतो. पिस्टनचं क्षेत्रफळ मोठं असलं की तेवढाच जोर आवरायला आत तेलाचा कमी दाब पुरतो. उणीव एकच, नळीला खोल पोचा आला की पिस्टन तिथे अडकतो आणि शॉक बाद होतो. मागचे शॉक अ‍ॅक्सलच्या मागे खाली लोंबत असतील तर दगडापासून वाचवणारी पट्टी लावून घ्या.

बाहेरच्या टाकीने तेलाचा साठा वाढतो आणि वायूचा कप्पा नळीतून बाहेर गेल्याने तेवढ्याच लांबीच्या शॉकमध्ये चाल जास्त मिळते. तासन्‌तास नालीदार (पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या) कच्च्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. तुमच्या वापरात तसे दिवस वर्षाला मोजकेच. क्लिकचं म्हणाल तर बहुतेक जण पहिल्या महिन्यात दोन-चार वेळा फिरवतात आणि मग त्याला हात लावत नाहीत. शिवाय असे शॉक सर्व्हिसचे असतात: ठरावीक काळाने उघडून सील, तेल बदलायचं आणि नायट्रोजन पुन्हा भरायचा. त्याला नायट्रोजनची सोय असलेलं वर्कशॉप लागतं आणि तोवर गाडी उभी राहते. हा खर्च हप्त्याच्या कागदावर दिसत नाही.

तुम्ही मागच्या शॉकची मापं पाठवलीत हे चांगलं केलंत. सगळी मापं वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची. मूळ शॉक पूर्ण उघडा ५६० मिमी, पूर्ण दाबलेला ३४५. गाडी उचलल्यावर चाकांवर उभी असताना अंतर ५००. बंप स्टॉप (अ‍ॅक्सलची वर जाण्याची चाल थांबवणारा रबरी ठोकळा) पूर्ण दबल्यावर ३६५. म्हणजे सध्या चाकाला खाली जायला ६० मिमीच उरलेत. खड्ड्यात चाक उतरलं की स्प्रिंग अजून ढकलत असते आणि शॉक आतून ताणला जाऊन थांबतो. तो 'ठक्' आवाज त्याचाच. धक्का बुशला आणि वरच्या माउंटिंगला बसतो.

विक्रेत्याने दाखवलेला मोनोट्यूब उघडा ६१०, दाबलेला ३७५. वाचायला छान वाटतं, खाली जायला ११० मिमी मिळतात. पण बंप स्टॉप ३६५ ला थांबवतो आणि हा शॉक ३७५ लाच संपतो. बंप स्टॉपचं काम पूर्ण व्हायच्या १० मिमी आधी सगळा भार शॉकच्या आतल्या पिस्टनवर येईल. मोनोट्यूबच्या तळाशी तरंगता पिस्टन असतो, असा एखादा जोराचा ठोकाही त्याला पुरे होतो. उपाय महाग नाही: बंप स्टॉपखाली २५ मिमीचा स्पेसर टाकला की गाडी ३९० ला थांबेल आणि १५ मिमी मोकळे राहतील. तेव्हा वर ११० आणि खाली ११० अशी चाल मिळते. हा स्पेसर बिलात नसेल तर शॉकही घेऊ नका.

ही मापं स्प्रिंग काढून घेतलेली असावीत. चासी स्टँडवर, अ‍ॅक्सल जॅकवर, हळूहळू वर. मग एक चाक वर आणि एक खाली अशा स्थितीतही बघा, कारण तिरक्या अ‍ॅक्सलमध्ये अंतर वेगळं येतं. ६१० ला पूर्ण उतरलेल्या स्थितीत दोन गोष्टी तपासा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जातेय का? आणि स्प्रिंगची मोकळी लांबी तिच्या वरच्या-खालच्या बैठकींमधल्या अंतरापेक्षा जास्त आहे का? नसेल तर स्प्रिंग जागेवरून सुटते, आणि मग लांब शॉक घेतल्याचा पश्चात्ताप होतो.

पुढच्या बाजूला मात्र लांबीचा हव्यास अजिबात नको. तिथे शॉक खालच्या आर्मवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर) मधे कुठेतरी बसतो, त्यामुळे चाकाची चाल शॉकपेक्षा जास्त असते. शॉकच्या चालीचं चाकाच्या चालीशी गुणोत्तर ०.६ असेल तर शॉक २५ मिमी लांब झाला की चाक जवळपास ४२ मिमी जास्त खाली जातं. तेवढ्यात वरचा आर्म स्प्रिंगला घासतो, बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) आपल्या मर्यादेला टेकतो आणि सीव्ही जॉइंटचा (चाकाला शक्ती पोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या सांध्याचा) कोन इतका वाढतो की त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतो. पुढे उत्पादकाने तुमच्या मॉडेलसाठी आणि ५० मिमी लिफ्टसाठी दिलेलीच लांबी घ्या. कुणी स्ट्रटच्या (शॉक आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून झालेल्या भागाच्या) वर स्पेसर टाकून आणखी उंची देतो म्हणाला तर नको म्हणा. त्याने दाबलेल्या बाजूचं गणितही बिघडतं.

व्हॉल्व्हिंगबद्दल, म्हणजे शॉक आतून किती कडक ठेवला आहे याबद्दल, विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: हा शॉक कोणत्या स्प्रिंगसाठी आणि किती कायम वजनासाठी जुळवलेला आहे? स्प्रिंग जड झाली की परतीचा जोर वाढतो, तो आवरायला रिबाउंड (शॉकचा उघडताना होणारा विरोध) वाढवावा लागतो. रिबाउंड फार कमी असेल तर गाडी खड्ड्यानंतर दोनदा-तीनदा डोलते. फार जास्त असेल तर नालीदार रस्त्यावर चाक परत खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो, गाडी हळूहळू बसत जाते आणि दगडासारखी कडक वाटते. बंपर, विंच आणि ड्रॉवरचं वजन अंदाजाने सांगू नका. गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा तोलून घ्या.

बजेटमध्ये सेटच्या किमतीवर चौथा हिस्सा अजून धरा. त्यात बंप स्टॉप, नवे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे), गरज पडल्यास लांब ब्रेक होज, अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन नीट करून घेणं येतं. अलाइनमेंटला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) मर्यादेत आला नाही तर वरचे आर्म बदलावे लागतील; तो खर्च आताच मान्य करू नका, आकडे कागदावर आले की ठरवा. एकंदर पाच महिन्यांची शिलक. तेवढं थांबवत नसेल तर अडीच महिन्यांनी मागची जोडी घ्या, नंतर पुढची. जोडी फोडू नका; एका अ‍ॅक्सलवर एक नवा आणि एक जुना शॉक ठेवला तर गाडी ब्रेकला आणि वळणाला एकीकडे ओढते. तोवर मूळ शॉकवर डांबरी रस्ता चालेल, खडकाळ वाटा टाळा. शॉकमधून तेल गळत असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, ते आधी बदला.

मजुरीचं: मागचे शॉक स्वतः बसवा, पुढचे बसवू नका. पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग दाबलेली असते. ती स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून सुटली तर वाचलेल्या मजुरीच्या कित्येक पट दवाखान्यात जातील. मागे काम सरळ आहे. चासी स्टँडवर घ्या, अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवा, म्हणजे जुना शॉक सुटल्यावर अ‍ॅक्सल खाली पडून होज ताणत नाही. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. शॉकचा चकचकीत रॉड पक्कडीत कधीच धरू नका. एक ओरखडा सीलला पुरतो. नायट्रोजन भरलेला शॉक पट्टीने बांधून येतो. खालचा बोल्ट घालण्याची तयारी झाल्यावरच पट्टी कापा, कारण तो लगेच पूर्ण उघडतो. ज्या टोकाला डोळा आणि रबरी बुश असेल तिथला बोल्ट आधी हातानेच लावा आणि शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असताना द्या, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. चाकं लोंबत असताना आवळलं तर बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतं आणि लवकर फाटतं. ज्या टोकाला डोळ्याऐवजी आट्यांची दांडी असेल तिथले रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगले की थांबा, त्याहून जास्त आवळले तर चिरतात. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

पैसे देण्याआधी विमा कंपनीला लिफ्ट आणि शॉक दोन्ही लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. न सांगितलेल्या बदलावरून दावा नाकारला गेला तर आज वाचवलेली सगळी रक्कम त्यापुढे किरकोळ ठरेल. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन आणि ड्राइव्हशाफ्टच्या दाव्यांवर काय परिणाम होतो तेही विचारून घ्या. जुने शॉक आणि स्प्रिंगा फेकू नका. बोल्ट पिशवीत घालून त्यांनाच बांधा आणि ठेवून द्या. विकायची वेळ आली की गाडी मूळ उंचीवर आणून नवा सेट वेगळा विकता येतो.