खरं सांगू, जिन्याशी धस्स होतं

‘वय ७१. सांगलीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पाय घसरला. मनगट मुरगळलं, बाकी निभावलं. तेव्हापासून बंगळुरूच्या मुलाचं फर्मान आहे, आई, खाली उतरायचं नाही. भाजी, औषधं घरपोच येतात. गुरुवारचं भजन सुटलं. मी काय कुकुलं बाळ आहे का? खरं सांगू, आता मलाच जिन्याच्या तोंडाशी धस्स होतं. काय करू?’
– जिन्याशी अडलेली

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलाचा राग आला. दुसऱ्यांदा ते ‘खरं सांगू’ दिसलं आणि वाटलं, पत्र खरं तर तिथून सुरू होतंय. मुलाचं फर्मान तुम्हाला थोडं सोयीचंही पडलंय, हो ना? रागावू नका. पडल्यावर भीती बसतेच. पण त्या भीतीनं माणूस बसून राहतो, बसून मांड्यांतली ताकद जाते आणि मग पुन्हा पडायला निमित्त पुरतं. मुलगा ज्याला जपणं म्हणतोय, त्यानंच पाय निकामी व्हायचे.

आधी मला सांगा, पाय घसरला तो फरशी ओली होती म्हणून, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून? डॉक्टरांना मनगट दाखवलं असेल, पडल्याचं कारण बहुधा कुणी विचारलं नसेल. रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेवा. स्वतःच्या मनानं मात्र एकही बंद करू नका. डोळेही तपासून घ्या. चष्मा बायफोकल असेल तर त्या धस्स होण्याचं अर्धं कारण तोच असू शकतो. खालच्या, वाचायच्या काचेतून पायरी पुसट दिसते. उतरताना मान वाकवून वरच्या काचेतून बघा.

आता पाय. शेजारणीला बोलवा, खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा उठबस होते ते मोजा. तुमच्या वयाच्या बाईला दहा वेळा तरी जमायला हवं. कमी भरलं किंवा हात टेकावेच लागले, तर फिजिओथेरपिस्टला गाठा. जमलं, तर तोच रोजचा व्यायाम. जेवणात डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं वाढवा. चहा-बिस्किटावर मांड्या उभ्या राहत नाहीत.

मुलाशी वाद घालू नका, त्याला कामाला लावा. बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा, न घसरणारी चटई, जिन्यात दिवा आणि शेवटपर्यंत जाणारा कठडा. टॉवेलच्या दांड्यावर विसंबू नका. आमच्याकडे तो एकदा प्लास्टरसकट हातात आला होता! घराची एक किल्ली शेजारी ठेवा आणि फोन गळ्यातल्या पिशवीत. एवढं झालं की बंगळुरूचा आवाज आपोआप खाली येईल. नाही आला, तर घर तुमचं आहे आणि पायही तुमचे, हे त्याला एकदा शांतपणे ऐकवा.

आणि उतरायला लागा. शेजारीण पुढे, तुमचा एक हात कठड्यावर, दुसरा मोकळा, पिशवीबिशवी तिच्याकडे. पहिला आठवडा एकच मजला खाली आणि परत. दम लागला तर पायरीवर टेका, त्यात लाज कसली? मग फाटकापर्यंत, मग भजन. तिथं जमिनीवर बसू नका, खुर्ची मागा. तुम्ही मागितलीत की आणखी चौघी मागतील, बघा.

भजन जमायला लागलं की एखाद्या गुरुवारी मैत्रिणीबरोबर एसटीनं नरसोबाची वाडी गाठा. तुम्हाला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी उलटली की तेही लागणार नाही, प्रवास फुकट. फक्त घाट उतरू नका, वरूनच हात जोडा. त्या ओल्या पायऱ्यांवर मीसुद्धा कठडा शोधते.