टॅमवर घोड्याला चालतं ते सायकलला का नाही? – माझं उत्तर

तुमचा वैताग कळतो. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत राहायला आलात, हौसेने माउंटन बाइक घेतली आणि माउंट टॅमलपायसच्या, म्हणजे टॅम डोंगराच्या, जवळजवळ प्रत्येक अरुंद वाटेच्या तोंडाशी सायकल बंदीची पाटी, त्यात घोडेवाले त्याच वाटेने आरामात जाताना दिसतात. गंमत म्हणजे हा खेळ वाढला इथेच, फेअरफॅक्स गावाजवळच्या रीपॅक नावाच्या उतारावर 1976 साली पोरांनी जुन्या जड सायकलींची शर्यत लावली, ब्रेक असे तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं. आणि आज त्याच भागात सायकलला मुख्यतः फायर रोडच (आग विझवणाऱ्या गाड्यांसाठीचे रुंद कच्चे रस्ते), तेही ताशी 15 मैलांच्या आत, आंधळ्या वळणावर 5.

सायकलने वाट झिजते म्हणून बंदी, हे कारण मला फारसं पटत नाही. ओल्या मातीत घोड्याचे खूर टायरपेक्षा कमी नुकसान करत नाहीत. खरा प्रश्न वेगाचा आणि समोरचं किती लांबून दिसतं याचा आहे. चालणारा माणूस आणि घोडा जवळपास एकाच वेगात असतात, सायकल उतारावर त्यांच्या तिप्पट-चौपट वेगाने येते आणि आवाजही नाही करत.

म्हणून सरसकट बंदीपेक्षा दिवस वाटून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. टाहो तलावाभोवतीच्या टाहो रिम ट्रेलवर टाहो मेडोज ते टनेल क्रीक या तुकड्यात सायकल फक्त सम तारखांना चालते. कोलोरॅडोत बोल्डरजवळच्या बेटासो या राखीव जागेत मुख्य वाटांवर बुधवारी आणि शनिवारी सायकल बंद. ज्याला निवांत चालायचंय तो त्या दिवशी येतो, भांडण निम्मं तिथेच संपतं. ट्रेल रुंद करा म्हणणारे भेटतील, पण रुंद केला की वेग अजून वाढतो, त्यामुळे मी तरी त्या बाजूचा नाही.

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या त्या लांबलचक पायवाटेचा, विचार डोक्यातून काढा, तिथे 1988 पासून सायकलला मनाई आहे. वाइल्डरनेस म्हणून जाहीर झालेल्या जंगलातही तेच, तिथे सायकल नुसती ढकलत नेलेलीही चालत नाही.

आता घोड्याचं, कारण इथे आपली सायकलवाली मंडळी हमखास गडबडतात. नियम साधा आहे, सायकल सगळ्यांना वाट देते आणि चालणारे घोड्याला. पण नुसतं बाजूला होऊन भागत नाही. समोरून घोडा आला तर उतरा, शक्यतो दरीच्या बाजूला उभे राहा कारण वर काहीतरी उभं दिसलं की तो बुजतो, आणि तोंडाने बोला, "गुड मॉर्निंग, कुठल्या बाजूला थांबू?" एवढं पुरे, माणसाचा आवाज आला की हे शिकारी जनावर नाही हे त्याला कळतं. झाडामागे लपून गप्प राहणं सगळ्यात वाईट. मागून येत असाल तर लांबूनच हाक मारा आणि स्वार हो म्हणेपर्यंत पुढे काढू नका. घंटीवर मात्र विसंबू नका, काही घोडे तिलाच दचकतात.

सिंगलट्रॅकच, म्हणजे एका वेळी एकच जाईल अशी अरुंद वाट, हवा असेल तर फेअरफॅक्सला स्काउट्सच्या जागेत टॅमरांचो आहे, पास काढावा लागतो पण वाट मस्त. ई-बाइक घेतली असेल तर आधी त्या त्या पार्कचे नियम वेगळे तपासा, साध्या सायकलला परवानगी असली तरी तिला असतेच असं नाही.