लेकीला रेडिओवर ‘बटणं दाबायला’ पाठवायचं का?

सप्रेम नमस्कार,

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. तुमची मुलगी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठात मास कम्युनिकेशनमध्ये एम.ए. करते आहे. पहिलं वर्ष संपत आलंय. विद्यापीठाच्या रेडिओवर तिचा आठवड्याला एक कार्यक्रम असतो आणि आता जवळच्या लहान शहरातल्या एका टॉक रेडिओ, म्हणजे गाण्यांऐवजी गप्पा-चर्चा ऐकवणाऱ्या, स्टेशनने तिला बोर्ड ऑपरेटर, म्हणजे प्रसारणाचा नियंत्रण-फलक सांभाळणारी, म्हणून इंटर्नशिप देऊ केली आहे. तुम्ही विचारता, “दुसऱ्या शहरातून येणारा कार्यक्रम सोडायचा, जाहिराती लावायच्या, तासातासाला स्टेशनचं नाव वाजवायचं, एवढ्यासाठी कर्ज काढून मुलीला माण तालुक्यातून तिकडे पाठवली का?”

घेऊ द्या तिला ही इंटर्नशिप, पण दोन अटींवर. त्या अटी पटण्यासाठी हे काम नेमकं काय असतं ते आधी पाहू.

तासातासाच्या नावापासूनच सुरुवात करतो, कारण ते तुम्हाला सर्वांत क्षुल्लक वाटलंय. अमेरिकेत प्रसारणावर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचं, म्हणजे एफसीसीचं नियंत्रण असतं. प्रसारण सुरू होताना, संपताना आणि दर तासाला, तास भरण्याच्या जितकं जवळ जमेल तितकं, कार्यक्रमात सहज येणाऱ्या विरामाला स्टेशनने आपली ओळख सांगावी असा नियम आहे. आधी कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं अक्षरी सांकेतिक नाव, आणि लगोलग ज्या गावासाठी परवाना मिळालाय त्या गावाचं नाव. दोन्हींच्या मधे फार तर फ्रिक्वेन्सी किंवा परवानाधारकाचं नाव चालतं. ‘केडीकेए, पिट्सबर्ग’ ही कायदेशीर ओळख झाली. ‘पिट्सबर्गचा आवाज, केडीकेए’ एवढंच म्हटलं तर ती होत नाही. परवाना उपनगराचा असेल तर आधी त्या उपनगराचंच नाव घ्यावं लागतं, शेजारच्या मोठ्या शहराचं नंतर.

कार्यक्रम दूरच्या शहरातून थेट येत असतो आणि निवेदक कुणासाठी थांबत नाही. नेटवर्कच्या, म्हणजे अनेक स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीच्या, बातम्या सुरू होण्याआधी मिळणाऱ्या मोजक्या सेकंदांत स्थानिक जाहिरात संपवून ही ओळख बसवायची असते. असे कार्यक्रम स्टेशनला अनेकदा जाहिरातींच्या मिनिटांच्या मोबदल्यात मिळतात. काही मिनिटं नेटवर्कची, काही स्टेशनची. नेटवर्कची जाहिरात कापली तर करार मोडतो, स्थानिक दुकानदाराची राहिली तर ती पुन्हा वाजवून द्यावी लागते. प्रत्येक तासाचा हा आराखडा, ज्याला तिकडे ‘क्लॉक’ म्हणतात, तो पाळणं हेच बोर्ड ऑपरेटरचं काम. स्टेशनचा पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो, हे त्या खुर्चीतून जितकं लख्ख दिसतं तितकं वर्गात दिसत नाही.

लहान शहरांत श्रोते मोजायची पद्धतही तिने समजून घ्यावी. तिथे नील्सन कंपनी निवडक लोकांकडून डायरी भरून घेते. आठवडाभर काय ऐकलं ते श्रोता आठवून लिहितो, आणि पाव तासातली पाच मिनिटं ऐकलं तर तो पाव तास स्टेशनच्या खात्यात जमा होतो. म्हणून ब्रेक कुठे घ्यायचा, चांगला पाहुणा कोणत्या मिनिटाला आणायचा, याचा एवढा काथ्याकूट चालतो. कायदा तासाला एकदा नाव सांगायला लावतो, पण निवेदक ते पुन्हापुन्हा घेतो ते श्रोत्याला डायरी भरताना आठवावं म्हणून.

स्पर्धेबद्दल तुम्ही लिहिलंय की गावात दुसरंही टॉक स्टेशन आहे, मग हे टिकेल का? सिंडिकेटेड, म्हणजे एकाच वेळी अनेक गावांतल्या स्टेशनांना पुरवला जाणारा, कार्यक्रम सहसा एका शहरात एकाच स्टेशनला दिला जातो. वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडायला लावणारी फेअरनेस डॉक्ट्रिन एफसीसीने 1987 साली रद्द केली आणि पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ या उजव्या विचारांच्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी 12 ते 3 ही त्याची वेळ, आणि ज्या स्टेशनकडे तो असे त्याची दुपार भक्कम. 2021 मध्ये लिम्बॉ वारला. त्या वेळेसाठी वेगवेगळ्या नेटवर्कनी वेगवेगळे निवेदक पुढे आणले आणि गावोगावच्या स्टेशनांना नव्याने निवड करावी लागली. उसन्या कार्यक्रमावर उभं असलेलं स्टेशन असं एका दिवसात डळमळू शकतं. स्वतःचा, गावातलाच सकाळचा निवेदक असेल तर तो कुणी उचलून समोरच्या स्टेशनला देऊ शकत नाही.

मोठ्या शहरांतही अभय नाही. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूआयएनएस 1965 पासून आणि डब्ल्यूसीबीएस 1967 पासून, ही दोन स्टेशनं बातम्यांवरच भर देत एकमेकांशी झुंजत होती. अखेरीस दोन्ही एकाच मालकाकडे आली आणि ऑगस्ट 2024 मध्ये डब्ल्यूसीबीएसची बातम्यांची सेवा बंद झाली. 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा काढली. सर्वांत मोठ्या शहरांत एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवता येऊ लागली. 2017 मध्ये एफसीसीने स्थानिक स्टुडिओ ठेवण्याचं बंधनही उठवलं. आज गावात स्टुडिओ नसलेलं स्टेशनसुद्धा दर तासाला त्या गावाचं नाव घेतं. मला हे फार खुपतं. गावाचं नाव हवेत आहे, पण गावातलं कुणी बोलत नाही, रस्ता खचला तर सांगणारं कुणी नाही.

म्हणून माझी पहिली अट: या स्टेशनवर स्थानिक कार्यक्रमांचे तास किती, हे मुलीने मॅनेजरला स्पष्ट विचारावं. सकाळचा कार्यक्रम गावातून होत असेल, तर बोर्डाबरोबरच श्रोत्यांचे फोन आधी घेऊन निवडण्याचं काम आणि नगर परिषदेच्या बैठकीवर आठवड्याला एखादा छोटा वृत्तान्त तिने मागून घ्यावा. पुढच्या नोकरीसाठी दाखवायला तिच्याकडे तेच असेल. सगळा दिवस बाहेरूनच येत असेल, तर ही जागा नको. असं काम संगणकाकडे सोपवलं जातंय, त्यात वर्ष घालवू नये.

दुसरी अट व्हिसाची, आणि तिथे मी अजिबात सूट देणार नाही. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या रेडिओवर काम करणं वेगळं आणि बाहेरच्या स्टेशनवर काम करणं वेगळं. बाहेर काम करायला सीपीटीची, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी लागते. काम अभ्यासक्रमाचा भाग आहे हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने मान्य करून तिच्या आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर, नोंदवावं लागतं, तेही काम सुरू होण्याआधी. शिवाय पूर्ण वेळ सीपीटी 12 महिने किंवा जास्त झाली तर पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी, हातची जाते. अर्धवेळच घ्यावी. ओपीटी साधारण 12 महिन्यांची आणि त्यात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, हेही आत्ताच लक्षात ठेवा.

नोकरीचं चित्र गुळगुळीत करून सांगत नाही. एएम टॉक रेडिओ आकसतोय, लहान गावांत पगार बेताचे असतात आणि तुमचं कर्ज त्या पगारातून लवकर फिटेल असं धरून चालू नका. सार्वजनिक रेडिओला 2025 मध्ये केंद्रीय निधीच्या कपातीचा मोठा फटका बसलाय. मुलीने ध्वनिसंपादन, जाहिरातींचं वेळापत्रक लावणारा ‘ट्रॅफिक’ विभाग आणि स्थानिक वार्तांकन ही तिन्ही कामं हाताखालून घातली, तर पॉडकास्ट आणि ऑडिओ निर्मितीच्या नोकऱ्याही तिला खुल्या राहतील. व्यापारी टॉक रेडिओवरची राजकीय मतं बहुधा तिखट असतात. ती निवेदकाची असतात, बोर्डावरच्या मुलीची नव्हेत. त्याची काळजी करू नका.

आणि ती परत आली तर? आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रंच जशीच्या तशी लावता येतात. त्यामुळे अमेरिकेसारखा राजकीय चर्चेचा रेडिओ इथे तिला मिळणार नाही. पण तुमच्याच तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ 2008 पासून चालू आहे. गावातल्या माणसांना बोलतं करणं आणि तास नीट भरणं, हे तिथेही लागतंच. सुट्टीत आली की तिला तिथे एकदा घेऊन जा, तिथल्या लोकांशी बोलू द्या.

ऑफरवर सही करण्यापूर्वी तिने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची वेळ घ्यावी. मंजुरी हातात येईपर्यंत ‘नुसतं शिकायला ये’ म्हणून बोलावलं तरी एकही शिफ्ट करू नये. स्थानिक तासांबद्दल मॅनेजरने काय उत्तर दिलं ते मला कळवा. त्यावरून पुढच्या सेमिस्टरचे विषय कोणते घ्यायचे ते ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक