गोडाऊनमधल्या कवितांच्या रात्री आणि प्लेसमेंटचं काय करायचं?

पत्र पुण्यातल्या एका आईचं आहे. मुलगा बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. महिन्यातून एकदा तो आणि त्याचे चार मित्र मामाच्या बंद पडलेल्या गोडाऊनमध्ये 'अंडरग्राउंड नाइट' करतात, म्हणजे कोणी कविता वाचतं, कोणी रॅप करतं, कोणी लॅपटॉपवर म्युझिक वाजवतं आणि मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने काहीतरी हलत असतं, जाहिरात कुठेच नाही, जागा फक्त तिकीट काढलेल्यांना त्याच दिवशी दुपारी मेसेजवर कळते. आता तो म्हणतोय प्लेसमेंटला बसणार नाही, हेच करणार, आणि प्रोजेक्टरसाठी 40 हजार द्या. वडिलांनी बोलणं टाकलंय. ताईंनी सोबत त्याच्या हिशोबाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवलाय आणि लिहिलंय, "तुम्हीच बघा यात काय भविष्य आहे."

ताई, मी ते पान खरंच नीट बघितलं, पत्रापेक्षा जास्त वेळ त्यातच गेला. 62 तिकिटं, दीडशेने, 9300 जमा. खाली साउंडवाला 4000, प्रोजेक्टर भाडं 1800, सतरंज्या आणि खुर्च्या 600, चहा-पोहे 1100, बाहेरगावच्या दोन कवींचं एसटीचं भाडं आणि रिक्षा 1500, आत लावायच्या पोस्टरांची प्रिंट 450. खर्च 9450. दीडशे रुपये तोटा, आणि तो त्याने लाल पेनने गोल करून ठेवलाय. बाजूला बारीक अक्षरात, 'पुढच्या वेळी एक्स्टेंशन बोर्ड आपला, साउंडवाल्याचा नको, दोनदा ठिणगी उडाली.' तुम्हाला यात दीडशेचा तोटा दिसला, मला असा पोरगा दिसला जो कार्यक्रम संपल्यावर सगळे फोटो काढत असताना बसून वायर का तापली ते लिहून ठेवतो. अशी माणसं या धंद्यात फार कमी मिळतात, स्टेजवर जाणारी ढिगाने मिळतात.

पण त्याच पानावर जे लिहिलेलं नाही ते त्याला दाखवायला हवं. जागेचं भाडं शून्य कारण मामा. कवी आणि म्युझिकवाल्या पोरांचं मानधन शून्य कारण दोस्ती. पाच जणांची दोन-तीन आठवड्यांची मेहनत शून्य कारण हौस. ही तीन शून्यं आहेत म्हणून तोटा दीडशेवर थांबलाय, उद्या मामाने गोडाऊन विकलं की हा हिशोब त्याच दिवशी कोसळला. त्याला सांगा, एकदा हाच कार्यक्रम कागदावर पूर्ण पैसे देऊन मांड, जागेला भाडं, प्रत्येक कलाकाराला निदान हजार रुपये, स्वतःला दिवसाचा पगार, आणि मग बघ तिकीट किती लावावं लागतं आणि तेवढ्याला 62 जण येतील का. माझा अंदाज आहे की नाही येणार. हे त्याला नाउमेद करायला नाही सांगत, उलट माझं म्हणणं एवढंच आहे की त्या रात्रीवर पोट भरायची जबाबदारी टाकू नका. ती रात्र करताना तो जे काम शिकतोय त्याचे मात्र पैसे मिळतात, चांगले मिळतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरातलं सगळं भांडण त्या एकच धरल्यामुळे चाललंय.

त्याच्या बाबांना हे पटवायचं असेल तर पुण्यातलंच उदाहरण द्या, आमच्या पिढीला ते लगेच कळतं. थिएटर अकॅडमी ही नाटकसंस्था 1973 साली सुरू झाली, त्यातली माणसं बघा, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बीजे मेडिकलला बायोकेमिस्ट्रीत. मुंबईत अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर होते आणि कविता सायक्लोस्टाइल केलेल्या लिटल मॅगझिनमध्ये, म्हणजे छोट्या अनियतकालिकांमध्ये, छापत होते, दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात जी नाटकं झाली तीही काही गल्ल्यावर डोळा ठेवून झाली नाहीत. त्यामुळे हे फॅड काल इन्स्टाग्रामवरून आलं असं काही नाही, कामगार वस्त्यांतल्या चौकात जलसे होत होते तेव्हाही तिथे कुठलं थिएटर नव्हतंच.

मात्र हे उदाहरण मुलाच्या डोक्यात हाणू नका की बघ, ते पण नोकरी करायचे. त्या नोकऱ्या संध्याकाळी सुटायच्या आणि तालमीला माणूस पोचायचा. आज हिंजवडीतून निघून तो डेक्कनला किती वाजता पोचेल ते तुम्हालाही माहितीये. म्हणून नोकरी कुठलीही चालेल असं मी म्हणत नाहीये, कुठली नोकरी हे बघावं लागेल.

पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहिलंय, "हा स्वतः काही म्हणत नाही, मागे लॅपटॉप घेऊन बसतो आणि भिंतीवर ते हलवत असतो." अहो, हेच तर महत्त्वाचं आहे! आवाजाबरोबर बदलणारी चित्रं लाइव्ह चालवणं हे वेगळं स्किल आहे, त्याला व्हीजेइंग म्हणतात, रेझोल्यूम आणि टचडिझायनर ही सॉफ्टवेअर्स त्यात चालतात, टचडिझायनरमध्ये पायथन लिहिता येतं आणि शिकण्यापुरतं ते फुकट मिळतं. कॉम्प्युटरचा मुलगा म्हणजे तो अर्ध्या रस्त्यावर आधीच आहे. हेच काम म्युझियममध्ये, किल्ल्यांवरच्या लाइट शोमध्ये, कंपन्यांच्या कार्यक्रमात आणि हो, मोठ्या लग्नांमध्येही लागतं, आणि लग्नवाले पैसे बुडवत नाहीत (बऱ्याचदा). त्याला लग्नाचं नाव काढल्यावर राग येईल, येऊ दे.

आता तो नक्की कुठला? चित्रं बनवणारा की कार्यक्रम उभा करणारा? वहीवरून दुसरा वाटतो, लॅपटॉपवरून पहिला, मला इथून सांगता येणार नाही. एक करून बघायला सांगा, पुढच्या वेळी लॅपटॉप दुसऱ्या पोराच्या हातात दे आणि तू फक्त दार, वेळ, कलाकार, साउंडवाला सांभाळ. रात्री घरी आल्यावर त्याला काय चुकलं असं वाटतंय ते ऐका. भिंतीवरचं बोलला तर एक रस्ता, आणि तिसरा कवी वीस मिनिटं लांबला म्हणून चिडलेला असेल तर दुसरा.

पहिल्या रस्त्यात शिक्षणाला अर्थ आहे. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला न्यू मीडिया डिझाइनमध्ये एमडेस, म्हणजे डिझाइनची मास्टर्स डिग्री, आहे, त्यासाठी डॅट नावाची प्रवेश परीक्षा, त्यात मार्कांपेक्षा पोर्टफोलिओ आणि विचार बघतात, या रात्रींचे नीट काढलेले व्हिडिओ तिथे सोनं आहेत. आवाजाची गोडी असेल तर आपल्याच लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा साउंडचा कोर्स आहे, ग्रॅज्युएशन आणि बारावीला फिजिक्स लागतं, ते त्याला असेलच. दुसऱ्या रस्त्यात, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये, मी स्पष्ट बोलते, लाखो रुपये फी घेणाऱ्या इव्हेंट मॅनेजमेंटच्या डिप्लोम्यांच्या मागे लागू नका. स्टेज मॅनेजर, प्रॉडक्शन असिस्टंट, कलाकारांची ने-आण बघणारा ही कामं कोणाच्या तरी हाताखाली राबूनच येतात. पुण्यातच बघा, सवाई गंधर्व संगीत महोत्सव 1953 पासून चाललाय, एनएच7 वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल 2010 ला इथेच सुरू झाला, मुंबईला काळा घोडा फेस्टिव्हल, पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव. अशा ठिकाणी व्हॉलंटियर म्हणून शिरायचं, दोन वर्षं टिकलं की फोन यायला लागतात. साउंड, लाइट, एलईडी भाड्याने देणाऱ्या एखाद्या कंपनीत सहा महिने केबल उचलल्या तर त्याहून उत्तम.

आणि प्लेसमेंटला बसायला काय हरकत आहे हो? बसणं म्हणजे ऑफर घेणं नाही. इंटरव्ह्यूमध्ये या रात्रीबद्दल बोलायला सांगा, बजेट, माणसं, ऐनवेळी बंद पडलेला प्रोजेक्टर, यावर तो दहा मिनिटं बोलू शकेल, बाकीची मुलं कॉलेज प्रोजेक्टची पाठ केलेली दोन वाक्यं बोलतात.

आता जिथे मला खरंच काळजी वाटली तिथे येते. तुमची काळजी नशापाण्याची आहे, त्याचं उत्तर छोटं आहे. आपल्या राज्यात बिअर-वाइनलाही 21 वय लागतं आणि कडक दारूला 25, येणारी पोरं विशीची, तेव्हा आत काहीही आणायचं नाही हे दारावर लिहा आणि पाळा. माझी काळजी वेगळी आहे. तुम्ही लिहिलंय गोडाऊनला पुढे एकच शटर आहे आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते अर्धं ओढून घेतात. ताई, हे वाचून मी घाबरले. अमेरिकेत ओकलंडला 2 डिसेंबर 2016 च्या रात्री अगदी अशीच जागा जळाली, घोस्ट शिप म्हणून एक गोडाऊन होतं, कलाकार तिथेच राहायचे, वर म्युझिकचा कार्यक्रम चालू होता, खाली यायला लाकडी पॅलेट ठोकून केलेला जिना, स्प्रिंकलर नाहीत, 36 जण गेले. आणि आपल्याकडे पुढच्याच वर्षी, 29 डिसेंबर 2017 ला, मुंबईत कमला मिल्सच्या आगीत 14. ठिणगीची नोंद तर तुमच्या मुलाने स्वतःच करून ठेवलीये. दुसरं दार उघडत नसेल तर तिथे पुढचा कार्यक्रम होऊ नये, मामाने कितीही प्रेमाने जागा दिली तरी. शटर पूर्ण वर, आत किती माणसं घ्यायची ते आधी ठरवलेलं, दोन अग्निशामक सिलिंडर आणि ते वापरता येणारा एक माणूस, भिंतीला लावलेलं कापड-थर्माकोल सगळं काढायचं. हे होईपर्यंत कॉलेजचा हॉल किंवा एखादं छोटं रंगमंदिर बघू दे, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, तिथे नवीन प्रयोग करणाऱ्यांची सवय आहे त्यांना.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते कारण 'जागा गुप्त ठेवली की प्रश्न मिटला' असं त्यांना वाटत असणार. तिकीट लावून लोकांना बोलावलं की तो घरगुती कार्यक्रम राहत नाही, पोलीस स्टेशनला आधी जाऊन विचारायचं. लाउडस्पीकरला रात्री 10 ची मर्यादा आहे, गणपतीत मिळते ती सवलत गणपतीपुरती, आणि रहिवासी भागात दिवसाही 55 डेसिबलच्या वर जायचं नाही म्हणजे तो सबवूफर विसरायचाच. साडेसहाला सुरू करून पावणेदहाला संपवा, पोरांना बसही मिळेल. दुसऱ्यांची रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स बघावं लागतं, स्वतःचंच म्युझिक स्वतःच्याच कविता असतील तर हा ताप बराच कमी. दुसऱ्या कवीची कविता घेतली तर त्या कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, वारसांना विचारायचं. नाटुकलं घुसवलं तर संहितेला राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) प्रमाणपत्र लागतं. तिकीट 500 च्या आत आहे तोवर तिकिटावरच्या जीएसटीची चिंता नको. हे सगळं करायला तो कंटाळला तर समजा की त्याला चित्रंच करायचीत, आणि वहीत याचंही पान उघडलं तर समजा प्रॉडक्शनवाला आहे!

40 हजार आत्ता देऊ नका. 1800 भाड्याने महिन्याला एक कार्यक्रम धरला तर 40 हजारात जवळजवळ दोन वर्षं प्रोजेक्टर भाड्याने येतो, तोही बिघडला तर बदलून मिळणारा, आणि दोन वर्षांनी हा पुण्यात असेल की गांधीनगरला कोणास ठाऊक. द्यायचेच असतील तर त्यातले सात-आठ हजार चांगल्या एक्स्टेंशन बोर्डांना, सिलिंडरला आणि कवींच्या मानधनाला द्या, आणि उधार म्हणून द्या, वहीत लिहायला लावा. बाबांना म्हणावं बोलायचं नसेल तर नका बोलू, पण एकदा तिकीट काढून मागच्या रांगेत बसा, स्टेजकडे नाही, पोराकडे बघत.

सेरेंडिपिटीसाठी अर्ज करायचा असेल तर आधी सेमिस्टरचं टाइमटेबल बघायला सांगा, डिसेंबरात पेपर आणि पणजी एकत्र आलं की घरात पुन्हा तेच भांडण होईल.