एन्झाइमने पाणी शुद्ध करण्यात करिअर आहे का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिनं, छोट्या मण्यांत अडकवून सांडपाण्यातले रंग आणि औषधांचे अंश तोडायचे, यातच तिला पुढे काम करायचंय. यात नोकरी मिळते का? की औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागलेलं बरं?
– एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, या नावाची नोकरी जाहिरातींत शोधाल तर क्वचितच सापडेल. कारखान्यांचं सांडपाणी आजही मुख्यतः रसायनं आणि जिवंत जिवाणूंच्या गाळावर शुद्ध होतं. एन्झाइमचं हे काम बहुतांशी अजून प्रयोगशाळेतच आहे.

मात्र एन्झाइम असं मण्यांत किंवा दुसऱ्या आधारावर बांधून ठेवायची विद्या जुनी आणि पक्की आहे. जपानमध्ये १९६९ साली अमिनो आम्लं बनवायला ती कारखान्यात वापरली गेली. पेनिसिलिनपासून नवी प्रतिजैविकं बनवतानाही एन्झाइम असंच बांधलेलं असतं, आणि त्या एन्झाइमवर आपल्या पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) संशोधन झालं आहे. म्हणजे मुलीने हे तंत्र नीट शिकून घेतलं, तर पाणी शुद्धीकरणात काम मिळेपर्यंत औषध आणि अन्न उद्योगाची दारं उघडी राहतात. म्हणून तिला थांबवू नका.

पाणी शुद्धीकरणाचं काम अवघड का, हे तिला आत्ताच कळायला हवं. बुरशीपासून मिळणारं लॅकेझ नावाचं एन्झाइम पाण्यातल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग आणि फिनॉलसारखी घातक रसायनं तोडतं. पण बहुतेक बुरशींच्या लॅकेझला आम्लधर्मी पाणी मानवतं, तर कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी बहुधा अल्कधर्मी आणि खारट असतं. शिवाय रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. तुटून उरलेले तुकडेही घातक असू शकतात. हे तपासणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने हेच घ्यावं. सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थात) एन्झाइम मिसळून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले की मणी तयार होतात. कॉलेजच्या लॅबमध्ये सहज जमेल. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, मात्र फॉस्फेटचं नको, ते कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी विरघळतात. शेजारी उकळून निकामी केलेल्या एन्झाइमचेही मणी ठेवावेत, नाहीतर रंग तुटला की नुसता मण्याला चिकटला हे कळणार नाही. हा प्रयोग आठ-दहा वेळा करूनही तिचा उत्साह टिकला, तर तिची आवड खरी माना.

पुढे बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करावी. त्यासाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षांची तयारी आतापासूनच हवी. संशोधनातल्या चांगल्या जागांना बहुधा पीएच.डी. लागते, म्हणजे एम.एस्सी.नंतर आणखी चार-पाच वर्षं. एवढा काळ घराला झेपणार आहे का, ते तिच्याशी मोकळेपणाने बोला. झेपणार नसेल, तर एम.एस्सी.नंतर औषध कंपनीतच, पण क्वालिटी कंट्रोलऐवजी प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे उत्पादनाची पद्धत बसवणाऱ्या विभागात, जागा शोधावी.

बारावीला तिने गणित ठेवलं होतं का, ते मला कळवा. एन्झाइमचा वेग आणि मण्याच्या आत पदार्थ किती झिरपतो, हे सगळं गणितातच मांडावं लागतं. सोडलं असेल, तर या सुट्टीत कॅल्क्युलस सुरू करू द्या.