सासरचा पहिला नाताळ
अगं, गोव्यातला पहिला नाताळ म्हणून सगळा फराळ एकटीने करायला जाऊ नकोस. कुलकुलं, म्हणजे नाताळातले तळलेले गोड शंख, हे तर एकटीचं कामच नाही. मैदा नारळाच्या दुधात घट्ट मळ, झाकून ठेव आणि रात्री जेवणं उरकली की सगळ्यांना टेबलाभोवती बसव. छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. मुलांना हे पटकन जमतं. कड नीट चिकटव, नाहीतर तेलात उलगडतात. आच मंदच ठेव. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. दोदोल, म्हणजे नारळाचं दूध आणि गुळाचा घट्ट हलवा, घोटायला मात्र नवऱ्याला हाताशी घे, हात भरून येतात. हे सगळं २२ तारखेपर्यंत संपव. २४च्या मध्यरात्री चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायचं असतं, आणि त्याआधी मुलांबरोबर येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा सजवायला तुझ्या अंगात त्राण हवं. शेजाऱ्यांच्या वाट्याचं आधीच बाजूला काढ.