रुग्णालयातील मूल आणि खेळ : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

मुलाला रुग्णालयात दाखल करायचे ठरले की घरात औषधांची, रजेची आणि पैशांची चर्चा होते. मुलाशी काय बोलायचे याची चर्चा मात्र बहुधा राहून जाते आणि नंतर ती प्रश्नांच्या रूपाने माझ्याकडे येते. मी बालरुग्ण विभागात मुलांची खेळातून तयारी करून घेण्याचे काम करते. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत शब्द वेगवेगळे असले तरी गोंधळ तोच आहे, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. ही उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपल्या मुलाच्या बाबतीत अंतिम शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असेल.

प्रश्न : साडेचार वर्षांच्या मुलीची हर्नियाची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. आधी सांगितले तर ती रोज घाबरेल, असे घरचे म्हणतात. तिला कधी सांगावे?

दोन-तीन दिवस आधी सांगावे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सांगितले तरी पुरते, कारण ‘परवा’ म्हणजे किती लांब हे त्याला उमगत नाही. शाळकरी मुलाला साधारण आठवडाभराचा अवधी द्यावा आणि किशोरवयीन मुलाला निर्णय होत असतानाच चर्चेत घ्यावे. ‘तुला झोपवतील’ एवढेच मोघम सांगू नये, कारण काही मुले त्यानंतर रात्री झोपायलाही घाबरतात. ही झोप रोजच्या झोपेपेक्षा वेगळी आहे, ती औषधाने येते, तिच्यात दुखल्याचे कळत नाही आणि काम झाल्यावर जाग येते, असे स्पष्ट सांगावे. उपाशी राहण्याच्या वेळा भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्याव्यात. भूल चढेपर्यंत आईला किंवा वडिलांना जवळ थांबता येईल का, हेही त्यांनाच विचारावे.

प्रश्न : भाचीला भेटायला जाताना वॉर्डात फुगे न्यावेत का?

नेऊ नयेत. रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, शिवाय काही रुग्णांना लॅटेक्सची, म्हणजे फुग्यातील नैसर्गिक रबराची, अॅलर्जी असते.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला ‘फिरायला जाऊ’ असे सांगून आम्ही रुग्णालयात नेले. आता पांढरा कोट दिसला तरी तो किंचाळतो. नातेवाईक म्हणतात, मुले विसरतात. खरे आहे का?

खरे नाही, आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

तुमचा मुलगा कोटाला घाबरत असेलच, पण त्याचा खरा धसका वेगळा आहे : घरातून बाहेर पडताना आई जे सांगते ते खरे असेलच असे नाही, हे त्याने अनुभवातून शिकून घेतले आहे. त्या दिवशी तो रडत आला असता. तुम्ही ते रडणे चुकवलेत आणि त्याच्या बदल्यात पुढच्या प्रत्येक भेटीचे रडणे पदरात घेतलेत. ‘मुले विसरतात’ हा समज नवा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत पालकांना मुलांना फार क्वचित भेटू देत असत, कारण आईवडील भेटून निघाले की मूल रडते आणि ते आलेच नाहीत तर शांत असते, असे सगळ्यांनाच दिसत होते. ब्रिटनमधील मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील मुक्कामाचे चित्रीकरण लोकांसमोर आणले आणि ती शांतता काय असते ते दाखवून दिले. अशी मुले आधी आकांत करतात, मग खचून गप्प होतात आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे न पाहण्याइतकी अलिप्त होतात, अशी त्यांची मांडणी होती. त्यानंतर सात वर्षांनी, १९५९ मध्ये, रुग्णालयातील मुलांच्या हिताचा विचार करणाऱ्या ब्रिटनमधील प्लॅट समितीने पालकांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे आणि लहान मुलांसोबत आईच्या राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली. तरीही ‘आता रुळला बरं का, रडतसुद्धा नाही’ हे वाक्य मी आजही कौतुकाच्या सुरात ऐकते. गप्प मूल रुळलेलेच असते असे नाही, ते पालकांनीही पारखून घ्यावे आणि आम्हीही.

याच्या जोडीला ‘दंगा केलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील’ ही धमकी असतेच. चार-पाच वर्षांच्या मुलाला आजारपण ही आपल्या खोडीची शिक्षा वाटण्याची शक्यता मुळातच फार असते. आपण त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करतो आणि मग सलाईन लावताना तो ‘मी परत असं नाही करणार’ म्हणून गयावया करतो, तेव्हा आपल्यालाच ते ऐकवत नाही.

आता काय करावे? प्रथम त्याला सरळ सांगावे की, त्या दिवशी आम्ही तुला खरे सांगितले नव्हते, यापुढे रुग्णालयात जायचे असेल तेव्हा आधी सांगू. आणि तो शब्द पाळावा. मग एक बाहुली, थोडी पट्टी, चिकटपट्टी आणि परिचारिकेकडून मागून घेतलेली सुई नसलेली सिरिंज त्याच्यासमोर ठेवावी आणि स्वतः गप्प बसावे. डॉक्टर त्याला होऊ द्यावे. आमच्याकडे एका मुलाने बाहुलीला सलाईन लावण्याआधी तिच्या तोंडावर आडवी चिकटपट्टी लावली आणि बोटाने दाबून तिच्या कडा नीट बसवल्या. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘तिनं रडायचं नाहीये ना.’ त्याला कोणी काय बजावले होते, हे त्या पट्टीवरून आम्हांला कळले. चार दिवस आम्ही त्याला ‘घाबरलास का?’ असे विचारत होतो आणि तो नुसती नकारार्थी मान हलवत होता. खेळ मुलाचे मन रमवतो हे ठीकच आहे, पण जे बोलता येत नाही ते मूल खेळात मांडते, आणि म्हणूनच खेळ हा उपचाराचा भाग मानावा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे, आणि दाखल झालेले मूल त्याला अपवाद नाही.

प्रत्यक्ष सुई टोचण्याच्या वेळी ‘काही दुखणार नाही’ असे म्हणू नये. ‘काहींना चिमटा काढल्यासारखे वाटते, काहींना नुसते गार लागते, तुला कसे वाटले ते मला नंतर सांग’ असे म्हणावे. ‘टोचू का?’ असे विचारू नये, कारण ‘नको’ हे उत्तर आपण मानणार नसतो. ‘मांडीवर बसतोस की पलंगावर?’ हे विचारता येते. चौघांनी आडवे दाबून धरण्यापेक्षा आईने उराशी बसते धरले तर बहुतेक मुले कमी झगडतात. मात्र कोणत्या प्रक्रियेत असे धरता येईल, हे परिचारिकेला आधी विचारून घ्यावे. एवढे करूनही महिन्याभरात त्याचे किंचाळणे कमी झाले नाही, तर बालमानसतज्ज्ञांची भेट घ्यावी आणि ती पुढच्या तपासणीच्या आधी घ्यावी.

प्रश्न : ‘रुग्णालयाची भीती सात दिवसांत घालवणारा’ खेळसंच जाहिरातीत पाहिला. घ्यावा का?

घेऊ नये. भीती घालवण्याची मुदत छापून देणाऱ्याला भीतीही कळलेली नाही आणि मूलही. बाहुली, कागद, रंग आणि मुलाच्या नेहमीच्या वापरातले एखादे जुने पांघरूण हे विकत घेतलेल्या कोणत्याही संचापेक्षा अधिक उपयोगी पडते. अशा संचांत बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी असू शकतात, आणि ती बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजून निघू शकते. असे झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. ऑक्सिजन चालू असताना ठिणगी पाडणारे किंवा बॅटरीवर चालणारे खेळणे जवळ ठेवण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे, आणि एमआरआयच्या खोलीत कोणतेही खेळणे परवानगीशिवाय नेऊ नये.

प्रश्न : सुई टोचताना मोबाइल दाखवला तर चालतो का?

चालतो, मुलाला सुईची कल्पना आधी दिलेली असेल तर. त्याचे लक्ष पडद्यावर गुंतवून नकळत सुई टोचली, तर पुढच्या वेळी तो पडद्यालाही घाबरेल.

प्रश्न : नवजात बाळाला वेदना फारशा कळत नाहीत, असे आजी म्हणतात. रक्त घेताना काही करण्याची गरज आहे का?

गरज आहे. आजींना दोष देत नाही, कारण १९८० च्या दशकापर्यंत काही डॉक्टरही असेच मानत आणि नवजात बाळांवर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत असत. पुढील संशोधनाने हा समज खोटा ठरवला. रक्त घेताना बाळाला अंगावर पाजणे किंवा उघड्या छातीशी धरणे याने वेदना कमी होतात. साखरेच्या द्रावणाचे काही थेंब प्रक्रियेच्या थोडे आधी जिभेवर दिले जातात, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावेत. त्याऐवजी मध तर मुळीच चाटवू नये, कारण एक वर्षाखालील बाळाला त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्या मुलांसाठी त्वचा बधिर करणारे मलम असते. लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम साधारण तासभर आधी लावावे लागते, त्यामुळे सुई हातात घेतलेल्या परिचारिकेला ‘मलम लावा ना’ म्हणण्यात अर्थ नसतो. आदल्या दिवशीच विचारावे. अगदी लहान बाळांत त्याच्या वापराला मर्यादा आहेत, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये.

प्रश्न : केमोथेरपी चालू असलेल्या मुलीला खेळघरात पाठवावे का?

तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्या दिवशी किती आहेत, हे पाहून तिचे डॉक्टर ठरवतील. न पाठवण्याचे ठरले तर पुसून स्वच्छ करता येणारी खेळणी तिच्या पलंगापाशी न्यावीत. न धुता येणारी मऊ खेळणी आणि पाणी आत साचून राहणारी खेळणी टाळावीत.

प्रश्न : धाकटी दोन महिने रुग्णालयात आहे. सात वर्षांचा भाऊ घरी आजोबांकडे असतो. तो हल्ली काहीच विचारत नाही. त्याला यातून दूर ठेवणेच बरे ना?

दोन महिने हा फार मोठा काळ झाला. तो विचारत नाही, कारण विचारल्यावर घरातले चेहरे बदलतात हे त्याने पाहिले आहे. आणि बहिणीशी भांडताना आपण काहीबाही बोललो म्हणून ती आजारी पडली, असे त्याच्या मनात असणे सहज शक्य आहे. हा आजार कोणाच्या बोलण्याने, वागण्याने किंवा विचाराने झालेला नाही, हे त्याला त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगावे. वॉर्डाने परवानगी दिली तर त्याला भेटीला न्यावे. नळ्या, यंत्रे आणि बहिणीचा बदललेला चेहरा यांचे वर्णन मात्र दारातून आत जाण्याआधी करावे. त्याची झोप, जेवण किंवा अभ्यास बिघडला असेल तर शाळेतील शिक्षकांना कळवावे आणि समुपदेशकांकडे न्यावे.

प्रश्न : घरी आल्यावर मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला. पाच महिने झाले. आपोआप थांबेल का?

पहिले काही आठवडे थांबून पाहणे योग्य होते, पाच महिने नव्हे. रुग्णालयातून आल्यावर मुले काही काळ आधीच्या वयासारखी वागतात, आईला चिकटतात, रात्री दचकतात. त्यांना रागावू नये. इतके दिवस टिकलेल्या तक्रारीमागे मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेहासारखे शारीरिक कारणही असू शकते, म्हणून याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : आमचा गट विदूषकाच्या वेषात बालविभागात जाऊन खेळणी वाटू इच्छितो. काय तयारी करावी?

आधी रुग्णालयाकडे रीतसर प्रशिक्षण मागावे. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये सर्कशीतील विदूषक मायकेल क्रिस्टनसेन यांनी रुग्णालयांतील विदूषकांचा पद्धतशीर उपक्रम सुरू केला, तेव्हापासून जाणते विदूषक दारात थांबून ‘आत येऊ का?’ असे विचारतात. दिवसभर ज्याला कशालाच नाही म्हणता येत नाही, त्या मुलाला विदूषकाला तरी नाही म्हणता आले पाहिजे. काही मुलांना रंगवलेल्या चेहऱ्याची खरोखरच भीती वाटते. आणि छायाचित्रे काढू नयेत. खेळणे हातात देताना कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्यांना मी वॉर्डाबाहेर काढले आहे.

प्रश्न : आयसीयूतून वॉर्डात आलेली तीन वर्षांची मुलगी मला सोडत नाही. ती झोपल्यावर हळूच घरी जाऊन आले तर चालेल ना? रडणे तरी टळेल.

घरी अवश्य जावे. अंघोळ, जेवण आणि झोप तुम्हांलाही हवी. पण हळूच जाऊ नये, नाहीतर ती झोपायलाच नकार देईल. जागेपणी सांगून निघावे, ‘लवकर येते’ याऐवजी ‘संध्याकाळचे औषध द्यायला सिस्टर येतील, तेव्हा मी इथे असेन’ असे सांगावे, आणि आपली ओढणी किंवा रुमाल तिच्यापाशी ठेवावा. ती रडेल, जवळ कोण बसणार आहे ते आधी ठरवावे आणि पाळीवरच्या परिचारिकेला निघण्याची वेळ सांगून ठेवावी. परत आल्यावर ती तोंड फिरवून बसली तरी समजूत काढण्याची घाई करू नये, शेजारी बसून बाहुलीशी खेळू लागावे. तरीही दोन-तीन दिवस ती बोलली नाही किंवा खाणे नाकारू लागली, तर डॉक्टरांना पुढच्या फेरीची वाट न पाहता कळवावे.